टाके निघाल्यानंतर

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ साली काही महिला फुटबॉलपटूंच्या गुडघ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सगळ्या जणींच्या गुडघ्यातला ‘एसीएल’ नावाचा लिगामेंट खेळताना तुटला होता आणि त्याला १२ वर्षं उलटून गेली होती. तपासणीच्या वेळी त्यांचं सरासरी वय होतं ३१. एक्स-रे काढलेल्या ६७ जणींपैकी ८२ टक्के जणींच्या गुडघ्यात काही ना काही बदल दिसले, आणि ५१ टक्के जणींची झीज तर सरळ संधिवात म्हणावी इतकी पुढे गेलेली होती. एरवी जो एक्स-रे साठीच्या बाईचा म्हणून डॉक्टरांसमोर यायचा, तो तिशीतल्या खेळाडूचा निघत होता.

त्याच सुमाराला पुरुष फुटबॉलपटूंवरचाही अभ्यास आला. दुखापतीनंतर १४ वर्षांनी ४१ टक्के जखमी गुडघ्यांत ठळक झीज होती. त्याच खेळाडूंच्या दुसऱ्या, कधीच न दुखावलेल्या गुडघ्यांत हे प्रमाण अवघं ४ टक्के होतं. वय तेच, वजन तेच, खेळ तोच. फरक फक्त एका दुखापतीचा.

या अभ्यासांतली खरी बोचणारी गोष्ट वेगळीच होती. महिला खेळाडूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक जणींनी शस्त्रक्रिया करून नवा लिगामेंट बसवून घेतला होता, पण त्यांच्या आणि शस्त्रक्रिया न केलेल्यांच्या तक्रारींत म्हणावा असा फरक नव्हता. पुरुषांमध्येही तेच. ‘ऑपरेशन झालं, आता गुडघा पहिल्यासारखा’ असं जे घरोघरी समजलं जातं, त्याला या आकड्यांत कुठेच आधार सापडत नाही.

असं का होतं हे कळायला गुडघ्यात जरा खोल शिरावं लागतं. एसीएल हा जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर लांबीचा, करंगळीएवढ्या जाडीचा पट्टा. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना तो गुडघ्याच्या ऐन मध्यात तिरपा बांधून ठेवतो. नडगी पुढे घसरू न देणं आणि गुडघ्याला नको तेवढा पीळ बसू न देणं हे त्याचं काम. तो तुटायला कुणी येऊन धडकावंच लागतं असं नाही. बहुतेक वेळा खेळाडू एकटाच असतो: धावता धावता एकदम दिशा बदलतो, उडी मारून एका पायावर उतरतो, पाऊल जमिनीला घट्ट रोवलेलं राहतं आणि वरचं शरीर वळतं. आतून ‘कट्’ असा आवाज येतो. पुष्कळांना तो स्पष्ट ऐकू येतो. मग दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगतो. आपल्याकडे कबड्डी, कुस्ती आणि फुटबॉल यांच्या जोडीला आणखी एक मैदान आहे, रस्त्याचं. पावसात दुचाकी घसरते, सावरायला पाय खाली टेकला जातो आणि गाडीच्या वजनानिशी गुडघा पिळवटतो.

लोक या सुजेला ‘गुडघ्यात पाणी झालं’ म्हणतात. पहिल्या काही तासांतलं हे पाणी बहुधा रक्त असतं. लिगामेंट तुटण्याच्या त्या क्षणी मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांवर आदळलेलं असतं. एमआरआयमध्ये बहुतेक रुग्णांच्या हाडांच्या आतला मुका मार दिसतो. दोन हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्याही पेशी या धक्क्यानं मरतात. कूर्चेची जाडी काही मिलिमीटरच. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत. त्यामुळे तिला लागलेलं दुखत नाही आणि भरूनही येत नाही. सांध्यात साचलेल्या रक्तामुळे दाह पेटतो, दाह वाढवणारी रसायनं सांध्याच्या वंगणात उतरतात, आणि वरवर सूज ओसरली तरी त्यांचं प्रमाण कित्येक महिने चढं राहू शकतं. म्हणजे झिजेची सुरुवात तिशीत किंवा चाळिशीत होत नाही. ती मैदानावर, त्या ‘कट्’ आवाजासरशी झालेली असते. सर्जनच्या टेबलावर गुडघा पोहोचतो तो त्यानंतर.

याला झिजेचा संधिवात म्हणायचं. आमवात निराळा, त्याचा आणि लिगामेंटचा काही संबंध नाही.

गुडघ्यातल्या दोन गाद्या, म्हणजे मेनिस्कस, या गोष्टीतलं दुसरं पात्र. चंद्रकोरीच्या आकाराच्या या गाद्या दोन हाडांमधला भार वाटून घेतात. एसीएल तुटताना गादीही फाटणं अगदी सर्रास आढळतं. एक काळ असा होता की फाटलेली गादी सरळ काढून टाकत आणि रुग्ण खूश होऊन घरी जाई. १९४८ साली फेअरबँक या ब्रिटिश सर्जननं गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे तपासून दाखवलं की हाडांचा आकार बदलतोय, सांध्यातली फट कमी होतेय. त्याचं म्हणणं वैद्यकानं पुरतं मनावर घ्यायला पुढची काही दशकं गेली. १९९८ साली स्वीडनमधल्याच एका अभ्यासात, गादी काढल्यावर २१ वर्षांनी संधिवाताचा धोका सुमारे १४ पट वाढलेला दिसला. म्हणून आज चांगला सर्जन गादी शिवता येत असेल तर शिवतो, आणि काढावीच लागली तर जेवढी कमी काढता येईल तेवढी. शस्त्रक्रियेआधी रुग्णानं एकच प्रश्न विचारायचा असेल तर ‘गादी वाचेल का?’ हा विचारावा. एसीएल नवा करता येतो. कूर्चा आणि गादी यांच्याबाबतीत तशी सोय फारशी नाही.

मग शस्त्रक्रियेनं साधतं काय? गुडघ्याचं ‘सटकणं’ थांबतं. जिना उतरताना, वळताना गुडघा अचानक दगा देतो, तो प्रकार नव्या लिगामेंटनं बहुतेकांचा बंद होतो. आणि ज्याचा गुडघा वारंवार सटकतो त्याच्या गादीला प्रत्येक वेळी नवी इजा होत असते, म्हणून अशांना शस्त्रक्रिया हवीच. पण सगळ्यांनाच ती लगेच लागते का, हे पाहण्यासाठी स्वीडनमध्ये एक धाडसी प्रयोग झाला. १२१ तरुण, धडधाकट, नुकताच एसीएल तुटलेले रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाची शस्त्रक्रिया लवकर आणि मग व्यायाम. दुसऱ्या गटाला आधी फक्त व्यायाम, गुडघा सटकत राहिला तर पुढे शस्त्रक्रिया. २०१० आणि २०१३ साली निकाल छापून आले. पाच वर्षांत दुसऱ्या गटातल्या ५१ टक्के लोकांना शस्त्रक्रिया लागली. उरलेल्यांचं तिच्याशिवाय भागलं. दुखणं, हालचाल, खेळ, एक्स-रेमधली झीज, यांपैकी कशातही दोन्ही गटांत फरक सापडला नाही. पुढे याच रुग्णांचे एमआरआय पुन्हा तपासले, तेव्हा केवळ व्यायामावर राहिलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांचा तुटलेला लिगामेंट दोन वर्षांत आपसूक सांधल्याच्या खुणा दिसल्या. ‘एसीएल एकदा तुटला की जुळत नाही’ हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य तेव्हापासून थोडं डळमळलं आहे.

याचा अर्थ शस्त्रक्रिया टाळावी असा घेणं चूक होईल. अर्थ एवढाच की संधिवात टाळण्याचं काम तिच्यावर सोपवून मोकळं होता येत नाही. ते काम मुख्यतः मांडीचं आहे.

मांडीच्या पुढच्या भागातला मोठा स्नायू गुडघा सरळ करतो आणि चालताना, उतरताना, उडीनंतर जमिनीवर येताना धक्का झेलतो. गुडघ्याला इजा झाली की हाच स्नायू सगळ्यात आधी संप पुकारतो. दुखतंय म्हणून नव्हे. सांधा फुगला की मणक्याच्या पातळीवरूनच त्याला जाणारा हुकूम अडवला जातो. १९८०च्या दशकात काही संशोधकांनी निरोगी माणसांच्या गुडघ्यात सलाइन टोचून पाहिलं. ना दुखापत, ना वेदना, नुसतं पाणी. तरी २०-३० मिलिलिटरला मांडीच्या आतल्या बाजूचा भाग ढिला पडू लागला, ५०-६० मिलिलिटरला बाकीचे भागही. चार-पाच चमचे पाण्यानं ही अवस्था, तर रक्तानं तुडुंब भरलेल्या गुडघ्याचं काय होत असेल! म्हणूनच दुखापतीनंतर पंधरवड्यात मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक होते. आणि कमजोर मांडी व पुढचा संधिवात यांचं नातं एकाहून अधिक अभ्यासांत दिसलेलं आहे.

फिजिओथेरपीचे पहिले दिवस म्हणून दिसायला अगदी किरकोळ असतात. रुग्ण पलंगावर पाय लांब करून बसतो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा अधांतरी. मांडी आवळून गुडघा खाली पलंगाकडे दाबायचा, पाच-सात आकडे मोजायचे, सोडायचं. फिजिओची नजर पायावर नसते, गुडघ्याच्या वाटीवर असते. मांडी आवळल्यावर वाटी वर मांडीच्या दिशेनं सरकली की स्नायू जागा झाला. पहिल्या दिवशी पुष्कळदा ती हलतच नाही. रुग्ण घाम गाळतो, दात आवळतो, पोटरी ताठ करतो, श्वास रोखतो, आणि वाटी जागची ढळत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ती जेमतेम हलते, तेव्हा फिजिओला जो आनंद होतो तो घरच्यांना कळत नाही.

घरचे मात्र प्रेमापोटी एक गोष्ट हमखास करतात: गुडघ्याखाली मऊ उशी. उशीवर गुडघा किंचित वाकलेला राहतो, बरं वाटतं, झोप लागते. पण आठवडा-दोन आठवडे असं चाललं की गुडघा पूर्ण सरळ होणं अडतं, आणि शेवटचे पाच-सात अंश एकदा हातचे गेले की परत मिळवताना नाकी नऊ येतात. सरळ न होणाऱ्या पायावर माणूस कायम लंगडत चालतो, मांडी कधीच पुरी आवळली जात नाही, आणि वाटीमागच्या कूर्चेवर भार येत राहतो. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्यावी. रुग्णाला पहिली चिंता असते मांडी घालून कधी बसता येईल याची. फिजिओला काळजी असते ती पाय सरळ होण्याची. गुडघा वाकणं बहुतेकांचं मागाहून येतं.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि वेळ हीच गोष्ट कुणाला द्यायची नसते. आरोग्य विम्यातून शस्त्रक्रियेचा खर्च निघतो. पुढच्या फिजिओथेरपीचा पुष्कळदा खिशातून करावा लागतो. दीड-दोन महिन्यांत कुबड्या सुटतात, चालणं नीट होतं, आणि रुग्ण फिजिओकडे फिरकेनासा होतो. नेमक्या याच काळात नवा लिगामेंट सर्वांत नाजूक असतो. तो रुग्णाच्याच मांडीमागच्या किंवा वाटीखालच्या कंडरेतून घेतलेला तुकडा. गुडघ्यात बसवल्यावर आधी त्यातल्या पेशी मरतात, मग नवा रक्तपुरवठा शिरतो आणि हळूहळू त्याचं लिगामेंटमध्ये रूपांतर होतं. याला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. बाहेरून मात्र गुडघा तीन महिन्यांतच ‘बरा’ दिसतो.

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून केलेल्या एका अभ्यासाचा नॉर्वेतला निकाल २०१६ साली आला. १०६ रुग्ण, म्हणजे संख्या लहान. पण निष्कर्ष दुर्लक्ष करण्यासारखा नाही. मैदानात परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितके महिने लांबवलं, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचा दर सुमारे निम्म्यानं घटला. ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्या पास न होताच परतलेल्यांपैकी ३८ टक्के खेळाडूंचा गुडघा पुन्हा दुखावला. पास होऊन परतलेल्यांपैकी ५.६ टक्के. या चाचण्यांना अवाढव्य यंत्रणा लागत नाही. एका पायावर लांब उडी, तिहेरी उडी, मांडीच्या ताकदीचं मोजमाप. जखमी पाय निरोगी पायाच्या निदान ९० टक्के भरला पाहिजे. संधिवाताशी याचा संबंध थेट आहे, कारण दुसरी दुखापत म्हणजे गादीवर आणि कूर्चेवर दुसरा घाव. ‘सहा महिन्यांत मैदानात’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी हे आकडे एकदा वाचावेत.

ऋषभ पंतचं उदाहरण लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. ३० डिसेंबर २०२२ला रुरकीजवळ त्याच्या गाडीला अपघात झाला, जानेवारीत मुंबईत गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली, आणि तो स्पर्धात्मक क्रिकेटमध्ये उतरला थेट मार्च २०२४मध्ये. देशातले उत्तमोत्तम तज्ज्ञ दिमतीला असलेल्या पंचविशीतल्या खेळाडूला चौदा-पंधरा महिने लागले. त्याची इजा मोठी होती हे खरं. पण गल्लीतल्या टेनिस बॉल स्पर्धेसाठी पाचव्या महिन्यात पॅड बांधणाऱ्याला तेवढा हिशेब पुरावा.

कुस्तीपटू विनेश फोगाटची कथा आणखी काही सांगते. १७ ऑगस्ट २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व लढतीत तिचा गुडघा निखळला आणि तिला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. दोन वर्षांनी तिनं राष्ट्रकुल आणि आशियाई अशा दोन्ही स्पर्धांत सुवर्ण जिंकलं. २०२३च्या ऑगस्टमध्ये सरावात दुसऱ्या पायाचा एसीएल गेला आणि मुंबईत शस्त्रक्रिया करावी लागली. एका गुडघ्याचा लिगामेंट गेलेल्यांत दुसऱ्या गुडघ्याचाही जाणं मुळीच दुर्मीळ नाही. तरुण खेळाडूंमध्ये तर नाहीच. व्यायाम दोन्ही पायांचा करायचा तो यासाठी. निरोगी पायही त्या वर्षभरात सुस्तावलेला असतो, आणि त्यालाच माप धरलं तर ९० टक्क्यांचा आकडा फसवा ठरतो.

पण सगळेच विनेश नसतात. बहुतेकांचं काय होतं? ‘आता गुडघा जपायचा’ म्हणून खेळ सुटतो, चालणं घटतं, वजन वाढतं. कॅनडात कॅलगरीमधल्या संशोधकांनी किशोरवयात गुडघा दुखावलेल्या तरुणांना ३ ते १० वर्षांनी तपासलं, तर त्यांच्या अंगावर त्याच वयाच्या इतरांपेक्षा चरबी जास्त होती. हे जपणं गुडघ्याला महागात पडतं. गुडघ्याच्या संधिवाताचे रुग्ण वजन उतरवतात तेव्हा कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात मोजलं गेलं. फ्रॅमिंगहॅम या अमेरिकी गावात वर्षानुवर्षं चाललेल्या पाहणीत, दहा वर्षांत साधारण पाच किलो वजन घटवलेल्या महिलांमध्ये गुडघ्याच्या दुखऱ्या संधिवाताचा धोका निम्म्याहून खाली आला. ही पाहणी खेळाडूंची नव्हती, लिगामेंट तुटलेल्यांचीही नव्हती. पण भाराचं गणित गुडघ्यागणिक बदलत नाही.

धावण्याबद्दल तर गैरसमजांचा नुसता सुळसुळाट आहे. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात, हौसेनं धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात होता. बैठं आयुष्य जगणाऱ्यांपैकी १०.२ टक्के लोकांना. स्पर्धेत धावणारे मात्र १३.३ टक्क्यांवर होते. ज्यांचे गुडघे आधीच ठणठणीत तेच धावायला जातात, ही शंका इथे रास्त आहे. तरीही धावल्यानं गुडघे हमखास झिजतात हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. दुखापतीनंतरच्या गुडघ्यालाही सायकल, पोहणं, चढावर चालणं आणि मांडी सावरल्यावर हलकं धावणं मानवतं. जपायचं ते पीळ आणि अचानक वळण असलेल्या खेळांत घाईनं उतरण्यापासून. चांगला निकष साधा आहे: व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा फुगलेला दिसला, तर कालचा डोस जास्त झाला.

औषधांचं म्हणाल तर दुखापतीनंतरची झीज थांबवते असं सिद्ध झालेली एकही गोळी किंवा इंजेक्शन आज बाजारात नाही. पहिल्या काही दिवसांतला दाह औषधानं विझवून पाहण्याचे प्रयोग चालू आहेत. तोवर ग्लुकोसामाइनच्या डब्या आणि मसाजची तेलं यांवर जाणारा पैसा फिजिओथेरपीकडे वळवला तर तो सत्कारणी लागेल.

लिगामेंट तुटूच नये यासाठी करता येण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्याचा पुरावा उपचारांच्या पुराव्यापेक्षा भक्कम आहे. मुलींमध्ये एसीएल तुटण्याचं प्रमाण त्याच खेळातल्या मुलांपेक्षा दुप्पट किंवा त्याहून अधिक असतं. २०२३च्या महिला फुटबॉल विश्वचषकाला इंग्लंडची कर्णधार लिआ विल्यमसन, तिचीच सहकारी बेथ मीड आणि नेदरलँड्सची विवियन मिडेमा या तिघी याच दुखापतीमुळे मुकल्या. स्वीडनमध्ये ४,५६४ किशोरवयीन मुली घेऊन क्लबवार प्रयोग केला गेला. अर्ध्या क्लबांनी आठवड्यातून दोनदा १५ मिनिटांचा वेगळा वॉर्मअप केला: एका पायावर उठाबशा, फळीसारखं शरीर ताठ धरणं, पुढे पाऊल टाकून बसणं, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं. एका मोसमात त्यांच्यातल्या एसीएलच्या दुखापती ६४ टक्क्यांनी कमी झाल्या. फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा ‘इलेव्हन प्लस’ हा २० मिनिटांचा सराव याच धर्तीचा. नॉर्वेतल्या मुलींच्या क्लबांत त्यानं गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आणल्या. याला लागतं काय, तर मोकळं मैदान, एक चेंडू, आणि उतरताना गुडघे आत वळताहेत का हे बघणारा प्रशिक्षक. शाळेच्या कबड्डी आणि खो-खोच्या संघांना ज्या दहा मिनिटांत मैदानाला फेऱ्या मारायला लावतात, त्यात आणखी पाच मिनिटांची भर घातली की स्वीडनमधला तो १५ मिनिटांचा सराव बसतो. अट एवढीच, की तो नेमानं व्हावा. ज्या संघांनी तो मधूनमधून सोडला, त्यांच्या पदरात फायदाही कमी पडला.